पेजेचा निळा रंग

भाताच्या पेजेत आयोडीनचा थेंब टाकला की ती निळीजांभळी होते, हे आपण शाळेत पाहिलेले असते आणि बहुतेकांचा प्रयोग तिथेच संपतो. परवा भाचीला तो दाखवताना मी निव्वळ गंमत म्हणून, पाणी घालून पातळ केलेल्या पेजेची ती काचेची नळी उकळत्या पाण्याच्या पातेल्यात उभी केली. थोड्याच वेळात शाईसारखा रंग विरत गेला आणि नळीत जवळजवळ साधी पेज उरली. "मामा, रंग जळला," असे भाचीने जाहीर केले. नळी गार पाण्यात धरताच निळाई बुडापासून पुन्हा वर चढू लागली, तेव्हा मात्र ती गप्प झाली.

जळले काहीच नव्हते. पेजेतल्या स्टार्चच्या वेटोळ्यांत आयोडीन शिरून बसते तेव्हा उष्णता बाहेर पडते आणि ते सुटे होताना उष्णता शोषली जाते. हे शिरणे आणि सुटणे दोन्ही अखंड चालू असते, आणि दोहोंचा वेग सारखा झाला की समतोल साधतो. तापवल्यावर दोन्हींचा वेग वाढतो, पण उष्णता शोषणाऱ्या बाजूचा अधिक वाढतो, म्हणून पारडे तिकडे झुकते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ल शातेलिए यांनी 1884 मध्ये मांडलेला हाच नियम आम्ही परीक्षेपुरता घोकला होता, आणि 'तापवले की अभिक्रिया पुढे जाते' हा चुकीचा समज मात्र कायमचा डोक्यात ठेवून घेतला होता.

या समजापायी अमोनियाच्या कारखान्याचे कोडे मला कधी सुटले नाही. नायट्रोजन आणि हायड्रोजन यांचा अमोनिया होताना उष्णता बाहेर पडते, म्हणजे थंडीतच तो अधिक मिळायला हवा. पण थंडीत अभिक्रिया इतकी रेंगाळते की हाती काही लागत नाही. म्हणून 1913 मध्ये जर्मनीत ओपाऊ येथे कारखाना सुरू झाला तेव्हापासून अभिक्रियेचा वेग वाढवणारा लोखंडी उत्प्रेरक, प्रचंड दाब आणि 400 ते 500 अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान अशी तडजोड चालत आली आहे. युरिया अमोनियापासूनच बनतो, म्हणून शेतावर येणाऱ्या त्याच्या गोणीमागे ही घासाघीस असते.

भाचीने नळी तीनदा गरम-गार केली. दर खेपेला निळा रंग थोडा फिकाच परतला, कारण नळीला बूच लावायचे मी विसरलो होतो आणि आयोडीन वाफेबरोबर उडून जात होते. चौथ्या खेपेला आणखी एक थेंब घालावा लागला.