"म्या कोन्ता अविचार केला?"

श्रावणात पऱ्हाटीचं निंदण जोरात असलं की आमच्या आरोग्य उपकेंद्रात दुपारपर्यंत कोणी फिरकत नाही. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, मजुरी बुडवून कोण येणार? त्या दिवशी मात्र एक आजी सकाळीच नातवाला घेऊन आल्या. पदरातला कागद टेबलावर ठेवत म्हणाल्या, "काय जी मॅडम, म्या कोन्ता अविचार केला?"

कागद शहरातल्या एका दवाखान्याचा. वर इंग्रजीत एकच शब्द, रॅश. खाली मलम. काय झालंय हे त्यांना तिथं कोणी सांगितलंच नव्हतं. नातवानं मोबाइलवर शब्द शोधला, तर अर्थ निघाला 'अविचारी, उतावळा'. आजी दोन रात्री तेच मनात घोळवत होत्या. मला फार वाईट वाटलं.

नातवाला जवळ बसवलं. "बाळा, हे दोन वेगळे शब्द आहेत, स्पेलिंग तेवढं एक." रॅश ड्रायव्हिंगमधला रॅश जर्मनच्या कुळातला, जर्मनमध्ये आजही 'राश' म्हणजे झटपट. अंगावरचा रॅश, म्हणजे पुरळ, बहुधा जुन्या फ्रेंचमधून आलेला, आणि त्याचं मूळ खरवडणे या अर्थाच्या लॅटिन धातूत सांगतात. दाढीचा रेझर हा शब्दही त्याच मुळातला. पोरानं आजीच्या हाताकडे पाहिलं. कोपराच्या लवणीत नखांचे पांढरे ओरखडे, मधे रक्ताचे बारीक टिपके. खरवडणं म्हणजे काय, ते मला वेगळं सांगावं लागलं नाही.

मग नीट तपासलं. पापण्या सुजलेल्या, मानेच्या वळ्या जाड, काळवंडलेल्या. लुगड्याखालची पाठ मात्र साफ. म्हणजे जे अंग उघडं, तिथंच.

"आजी, धुऱ्यावर गाजरगवत आहे?"

"गंज हाय! म्याच उपटतो ना हातानं."

हे गवत मूळचं अमेरिका खंडातलं. पुण्यात १९५५ च्या सुमारास नजरेस आलं आणि पुढे देशभर पसरलं. त्यातलं पार्थेनिन नावाचं रसायन काहींच्या कातडीला सोसत नाही. वाळलेल्या पानांचा चुरा वाऱ्यानं उडतो, म्हणून हात न लावताही पापण्या सुजतात. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, तोंडाला रुमाल, घरी आल्यावर लगेच साबणानं अंघोळ, एवढं सांगितलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडे पाठवलं.

निघताना त्याच कागदाच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'गाजरगवताची खाज'. नातवानं वाचून दाखवलं.

"हे तं मले बी समजते," आजी म्हणाल्या, आणि कागद पुन्हा पदराला बांधला.