ग्रीन बिल्डिंगचा खरा आकडा बॅच शीटवर असतो

ग्रीन रेटिंगचा, म्हणजे इमारत किती पर्यावरणपूरक याच्या गुणांकनाचा, विषय निघाला की साइटवर सगळे झाडं, सोलर आणि एसटीपीवर (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणा) बोलतात. ते हवंच. पण बांधताना जो कार्बन (म्हणजे कार्बन डायऑक्साइड) हवेत जातो तो मुख्यतः सिमेंट आणि स्टीलपायी, आणि त्याचा आकडा मीटिंगमध्ये विचारला तर सगळे एकमेकांकडे बघतात. हे मला फार खटकतं.

कारण आकडा आपल्याच ऑफिसात पडलेला असतो! आरएमसीच्या (प्लांटमधून तयार येणाऱ्या काँक्रीटच्या) गाडीच्या चलानसोबत बॅच शीट, म्हणजे त्या मिक्सची यादी, मागितली की मिळते, त्यात सिमेंट किती किलो, फ्लाय अॅश (कोळसा जाळून उरलेली बारीक राख) किती, पाणी किती सगळं छापलेलं असतं, आणि आपण स्लम्प (काँक्रीट किती पातळ ते) बघतो, चाचणीसाठी क्यूब भरतो, कागद फाइलला लावतो, संपलं.

सिमेंट दळण्याआधी भट्टीत जे भाजून निघतं ते क्लिंकर, आणि ते एक टन बनवताना साधारण 0.85 टन कार्बन डायऑक्साइड निघतो. त्यातला अर्ध्याहून जास्त चुनखडीतूनच सुटतो, म्हणजे सिमेंट प्लांटने सोलर लावलं तरी तो थांबत नाही, क्लिंकरच कमी वापरावं लागतं. ओपीसीत, म्हणजे साध्या सिमेंटमध्ये, क्लिंकर जवळपास 95 टक्के असतं. आता 100 घनमीटरचं काँक्रीट धरा, घनमीटरला 400 किलो ओपीसी म्हणजे 40 टन. त्यातलं 30 टक्के काढून फ्लाय अॅश टाकली तर 12 टन ओपीसी वाचलं, म्हणजे एका ओतकामात दहा टनांच्या आसपास कार्बन कमी.

मग करत का नाहीत? फ्लाय अॅशचं काँक्रीट सुरुवातीला स्ट्रेंथ हळू धरतं, थंडीत तर अजूनच, आणि सेंटरिंग (स्लॅबखालचा तात्पुरता आधार) खोलून पुढचा स्लॅब धरायची सगळ्यांना घाई. स्लॅबला ही अडचण खरी आहे, मान्य. पण राफ्टला, म्हणजे इमारतीखालच्या अखंड पायाला, कसली घाई? त्यावर पूर्ण लोड यायला कित्येक महिने जातात, तिथे 28 ऐवजी 56 दिवसांची स्ट्रेंथ धरायला कन्सल्टंटशी बोलता येतं, आणि उष्णता कमी निघाल्याने जाड राफ्टला तडे जायची भीतीही कमी होते. फक्त क्युरिंग (पाणी मारणं) 7 नाही, किमान 10 दिवस, काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस 456 मध्येच लिहिलंय.

बिलासाठी आपण स्टीलचा किलो न किलो मोजतो. त्याच आरए बिलात (कामाच्या चालू बिलात) अजून एक कॉलम घाला, चौरस मीटर बांधकामामागे किती किलो कार्बन. डिझेल रजिस्टर आणि राडारोड्याच्या गाड्या नंतर जोडा, आधी सिमेंट घ्या, सगळ्यात मोठा आकडा बहुतेक तिथेच निघेल. तुमच्या साइटवर कोणी असं मोजत असेल तर कमेंटमध्ये नक्की लिहा, मिक्ससकट.