गाडीला काही झालं नाही

मी मोटार सर्व्हेअर आहे. ठोकलेली गाडी गॅरेजमध्ये जाऊन बघायची, काय दुरुस्त होईल, काय बदलावं लागेल, खर्च किती येईल ते लिहून विमा कंपनीला द्यायचं, हे माझं काम. पुणे-सातारा रस्त्यावर या कामाला तोटा नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला हे कळलं की पहिली जिलेबी संपायच्या आत प्रश्न येतो: "काय हो साहेब, जुन्या गाड्याच मजबूत होत्या ना? आताच्या म्हणजे नुसते पत्र्याचे डबे. अंगठ्याने दाबलं तरी बोनेट दबतं." ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून रस्त्यावरून उतरली, तेव्हा तर आठवडाभर मला कुणी दुसरं काही विचारलंच नाही.

तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सांगतो. धडक बसायचीच असेल तर मला जुन्या गाडीत बसायचं नाही. आणि हे जुन्या गाडीवर जीव असलेला माणूस बोलतोय, कारण आमच्या दारात एक उभी आहे.

ती अण्णांची, माझ्या वडिलांची. १९८६ च्या पावसाळ्यात खंबाटकी घाट उतरल्यावर अण्णांनी ती रस्त्याकडेच्या वडावर घातली. वेग फार नसावा. बंपर वाकला, एक दिवा फुटला, रेडिएटर शाबूत. अण्णा तीच गाडी चालवत घरी आले. आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याने ही गोष्ट ऐकलेली आहे आणि तिचा शेवट ठरलेला आहे: "गाडीला काही म्हणजे काही झालं नाही!" यावर आई स्वयंपाकघरातून ओरडून सांगायची की तीन बरगड्या मोडल्या होत्या आणि महिनाभर यांना धड खोकताही येत नव्हतं. स्टिअरिंग छातीत बसलं होतं. लहानपणी मला या दोन वेगळ्या गोष्टी वाटायच्या, एक अण्णांची आणि एक आईची. या धंद्यात पडल्यावर कळलं की गोष्ट एकच आहे.

गाडी झाडावर आदळून थांबते, पण आतला माणूस अजून त्याच वेगाने पुढे निघालेला असतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे साधारण १४ मीटरवरून, चार-पाच मजल्यांवरून पडल्यावर जमिनीला टेकताना जो वेग असेल तो. हा वेग शून्यावर यायला जागा किती मिळते, यावर सगळा हिशेब आहे. १० सेंटिमीटरमध्ये थांबलात तर अंगावर आपल्या वजनाच्या सरासरी १४० पट जोर येतो. ६० सेंटिमीटर मिळाले तर तोच २४ पटीवर येतो. ही जास्तीची जागा मिळते ती गाडीचं नाक चुरगळल्यामुळे, आणि पट्ट्याने तुम्हाला सीटशी धरून ठेवलं असेल तरच. हापूसची पेटी आठवा. फळी कडक असते, आत पेंढा असतो. तेच आंबे लोखंडी ट्रंकेत सुटे टाकून एसटीच्या टपावरून आणले तर ट्रंकेला ओरखडा येणार नाही, आंब्यांचा मात्र आमरस होईल.

म्हणून गॅरेजमध्ये गेल्यावर मी आधी पुढचा चेंदामेंदा बघत नाही. चालकाचं दार धरून ओढतो. नाक पार आत गेलंय, इंजिन तिरकं झालंय आणि दार मात्र नेहमीसारखं खट् करून उघडतंय, अशी गाडी पाहिली की मनातल्या मनात तिला नमस्कार करतो. कागदावर तिला टोटल लॉस लिहितो, म्हणजे दुरुस्ती परवडणार नाही अशी. अशा गाडीशेजारी उभं राहून तिच्या मालकाने मला चहा पाजलेला आहे आणि चहा पिता पिता "बघा हो, काय भंगार गाडी दिली यांनी" म्हणून सुनावलेलंही आहे.

पुरावा हवा असेल तर २००९ चा आहे. अमेरिकेत आयआयएचएस नावाची, विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी संस्था आहे, म्हणजे आमच्याच धंद्यातली. तिला पन्नास वर्षं झाली म्हणून त्यांनी १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मालिबू समोरासमोर, ताशी ६४ किलोमीटरने, निम्म्या तोंडावर एकमेकींवर सोडल्या. बेल एअर म्हणजे क्रोम, मागे पंखांसारख्या शेपट्या, लांबलचक बोनेट. मालिबूचं नाक चुरगळलं, पण माणसांची खोली जागेवर राहिली. आत माणसाच्या जागी बसवलेल्या पुतळ्याच्या पायाला इजा, एवढंच. बेल एअरची खोलीच मिटली. दार उघडलं, डॅशबोर्ड आणि स्टिअरिंग पुतळ्यावर आले. त्या जागी माणूस असता तर वाचला नसता.

यावर जुन्या गाडीवाल्यांनी खूप आरडाओरडा केला. गाडी गंजलेली होती, इंजिन काढून ठेवलं होतं, वगैरे. इंजिन होतं. पण एक आक्षेप मला पटतो. त्या बेल एअरची चौकट फुलीच्या आकाराची होती, कडेला दांड्याच नव्हत्या, त्यामुळे निम्म्या तोंडाची धडक तिला जास्तच जड गेली असणार. म्हणून मी दुसरी चाचणी जास्त मानतो. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या ॲनकॅप या, गाड्या आदळून तपासणाऱ्या संस्थेने १९९८ ची टोयोटा कोरोला आणि २०१५ ची टोयोटा कोरोला अशाच भिडवल्या. शेपट्या नाहीत, फुली नाही, दोन्ही तिकडच्या साध्या घरगुती गाड्या आणि अंतर फक्त सतरा वर्षांचं. नव्या गाडीला १६ पैकी १२.९३ गुण मिळाले. जुनीला ०.४०.

आता पत्र्याचं. अंगठ्याने दबतो तो बाहेरचा पत्रा, म्हणजे गाडीचं कातडं. जोर घेणारी हाडं आत असतात: बोनेटखाली दोन्ही बाजूंच्या पोलादी चौकोनी नळ्या, दाराच्या कडेचे खांब, उंबरा. त्यातल्या पुढच्या नळ्या ठरलेल्या जागी मुडपाव्यात म्हणून मुद्दाम खाचा पाडलेल्या असतात आणि खांबांचं पोलाद इतकं कडक असतं की मिस्त्रीला ते कापताना घाम फुटतो. नाक मऊ आणि खोली कडक ठेवायची, ही कल्पना मर्सिडीजच्या बेला बारेनी या अभियंत्याची. १९५१ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, १९५९ मध्ये ती गाडीत आली. त्याच वर्षी व्हॉल्वोने नील्स बोलिनचा तीन टोकांचा पट्टा बसवायला सुरुवात केली. म्हणजे ती बेल एअर शोरूममध्ये झळकत होती तेव्हाच तिच्यावरचं उत्तर युरोपात तयार होतं. आणि हो, पद्मिनी किंवा अँबॅसडर ट्रकसारख्या वेगळ्या चेसिसवर बांधलेल्या होत्या हा समजही खोटा. दोन्हींची बॉडी हीच चेसिस होती.

पण नवी गाडी घेतली की निर्धास्त, असंही म्हणू नका. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या, गाड्या आदळून पाचपैकी तारे देणाऱ्या संस्थेने आपल्याकडच्या पाच लहान गाड्यांचे निकाल जाहीर केले: अल्टो ८००, नॅनो, आय-टेन, फिगो आणि पोलो. पाचही एअरबॅग नसलेल्या, पाचही शून्य तारे. त्यात फिगो आणि पोलोची खोली मात्र टिकली होती. पोलोला दोन एअरबॅग लावून पुन्हा आदळली तर थेट चार तारे. खोलीच कोसळत असेल तर एअरबॅग लावून काय उपयोग? चालकाची एअरबॅग आपल्याकडे सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीची झाली १ जुलै २०१९ पासून, म्हणजे परवा परवा. आणि सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्रींची गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली, ती तर मर्सिडीज होती. पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले. मागे कुणी पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं.

लोकांचा राग कुठून येतो तेही मला कळतं. सिग्नलला मागून कुणी हळूच टेकलं की नव्या गाडीचा बंपर, सेन्सर, दिवा, सगळं बदला. जुन्या गाडीचा पोचा मिस्त्री हातोडीने तासाभरात काढायचा. ताशी १५ च्या टकरीत जुनी गाडी जिंकते, कबूल. माझी बिलंच तसं सांगतात.

अण्णांची गाडी मी रविवारी सकाळी सज्जनगडापर्यंत नेतो. चाळीसच्या वर नाही, हायवेला तर नाहीच. पुढे पट्टे बसवून घेतलेत, खालच्या पत्र्याला आतून जाड पट्टी वेल्ड करून. स्टिअरिंगची दांडी अजून तीच आहे. गेल्या दिवाळीत अण्णांना मोबाइलवर बेल एअरची ती चित्रफीत दाखवली. आता अठ्ठ्याऐंशीचे आहेत, पण चष्मा लावून नीट बघितली, दोनदा. मग मोबाइल माझ्या हातात देत म्हणाले, "त्या अमेरिकन गाडीचा पत्रा पातळ असणार."