आधी पाय बघितले

"बॅगा राहू देत, आधी भिंतीला पाय लावून पडा."

योगशिक्षक होण्याच्या अभ्यासक्रमासाठी मी परदेशात आले, निवासाच्या दारात पोचले, आणि तिथल्या बाईंचं पहिलं वाक्य हे. ना ओळख, ना फॉर्म.

विमानात तासन्‌तास बसून राहिलं की रक्त पायांत साचतं. माझे घोटे सुजले होते, मोज्यांचे वळ खोल उमटले होते. त्यांनी ते लांबूनच हेरलं.

विपरीत करणीत, म्हणजे त्याच भिंतीला पाय वर लावलेल्या आसनात, पडल्या पडल्या विचार चालू. २०० तासांच्या अभ्यासक्रमात आसनं आहेत, प्राणायाम आहे, शरीररचना आहे. पण समोरच्याकडे असं बघणं कुठल्या तासाला शिकवतात? मला तेच हवंय, अगदी मनापासून. शीर्षासन काय, होईल सावकाश.

तुमच्या कुणा शिक्षकांची अशी नजर आठवते का?