वेशीपर्यंत यायलंय का?

भाचा पुण्याहून दिवाळीला येतो तेव्हा त्याच्या बॅगेतून एखादी तरी अशी वस्तू निघते, जिच्यासमोर आपण अडाणी ठरतो. यंदा हेडफोन निघाला. सेनहायझर या जर्मन कंपनीचा एचडी ६००. हे मॉडेल १९९७ सालचं, म्हणजे भाच्याच्याच वयाचं, आणि त्याला अजून बाजारात मागणी आहे. भाच्यासाठी आमचं बघणं चालू आहे.

फराळाने सुस्तावलेली दुपार, त्यात लाइट गेलेली. मी आडवी होणार तोच म्हणाला, "आत्या, झोपू नको. ऐक जरा."

कानावर चढवला. पहिली गंमत म्हणजे हा हेडफोन पाठीमागून उघडा. बाहेरच्या अंगाला नुसती जाळी. आतलं बाहेर जातं, बाहेरचं आत येतं. त्याने म्हणे गाणं डोक्यात कोंडल्यागत वाटत नाही, मोकळं वाटतं. जर्मनीत वाटत असेल. आमच्याकडे गिटारीच्या मागे भंगारवाल्याच्या गाड्यावरचा पुकारा आला, शेजारच्या कुकरची शिट्टी आली, वरच्या मजल्यावर कुणीतरी पलंग सरकवला तोही आला. भाचा म्हणाला, "साउंडस्टेज बघ किती मोठा आहे!" साउंडस्टेज म्हणजे गाणं केवढ्या जागेत पसरल्यासारखं वाटतं ते. होता खरा. थेट वसमत रोडपर्यंत होता.

खोक्यावर छापलं होतं, १२ ते ४०,५०० हर्ट्झ, म्हणजे अगदी खालच्या स्वरापासून वरच्यापर्यंत एवढा पल्ला. माणसाचा कान चांगल्यात चांगला असला तरी २०,००० च्या आसपास थांबतो. मग वरचे वीस हजार कुणासाठी? कुत्र्यांना चाळीस हजारांच्या पुढचंही ऐकू येतं म्हणतात, म्हणून मी सुचवलं की गल्लीतल्या मोत्याला घालून बघू. भाचा हसला नाही. या मंडळींना हेडफोनवरची थट्टा चालत नाही.

मग टेस्टची गाणी. त्यांची त्याच्या फोनमध्ये वेगळी यादी आहे. पहिलं सुझन वेगाचं 'टॉम्स डायनर'. ठेका नाही, वाद्य नाही; १९८७ च्या तबकडीत बाई नुसती एकटी गाते. एमपीथ्री ज्यांनी घडवलं त्यांतल्या कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग यांनी आपली पद्धत याच गाण्यावर तासून घेतली, ही माहिती भाच्याने दिली आणि ती मला आवडली. एमपीथ्रीचं काम गाण्याची फाइल लहान करायचं, म्हणजे कानाला तसंही जे कळणार नाही ते काढून टाकायचं. भरगच्च ऑर्केस्ट्रात असं चोरून काढलेलं खपून जातं. हिच्या गाण्यात लपायला जागाच नाही. जरा कुठे हात मारला की आवाज खरखरला.

दुसरं ईगल्सचं 'हॉटेल कॅलिफोर्निया', पण मूळचं नव्हे, १९९४ च्या मैफलीतलं. आधी गिटारी, मग अचानक एक जाडजूड ठोका. भाचा बोट वर करून बसलेला. "आता येईल बघ. आता... आला!"

ठोका आला.

"घट्ट आहे ना?"

"आहे की."

गाणारा तोंड उघडणार तेवढ्यात याने गाणं बंद केलं. अरे, पुढे? तर म्हणे पुढे टेस्ट करण्यासारखं काही नाही. याला शेकडो गाण्यांचे पहिले दीड-दोन मिनिटं पाठ आहेत. एकाही नायकाचं पुढे काय झालं ते माहीत नाही.

आमच्या गावी, गंगाखेडजवळ, टेस्ट फार वेगळी असायची. चैत्रात सप्ता बसायचा. आदल्या संध्याकाळी सेटवाला बैलगाडीतून सामान घेऊन यायचा: अँप्लिफायर, बॅटरी, दोन भोंगे आणि भोंग्याच्या मागे फिरवून बसवायची युनिटं. ती युनिटं तो कुणाला हात लावू द्यायचा नाही. भोंगा पडला तर पोचा येईल, युनिट उडालं तर सात दिवसांचं भाडं गेलं. एक भोंगा देवळाच्या शिखराजवळ, दुसरा लिंबावर, तोंड मळ्याकडे. मग तो माइकवर नखाने टकटक करायचा, फुंकायचा, "हॅलो, हॅलो" म्हणायचा आणि कॅसेट लावायचा. कॅसेट दरवर्षी तीच, अभंगही तोच. आणि त्याच वेळी एक पोरगं पळत निघालेलं असायचं. वेशीपाशी पोचलं की त्याने अंगातला सदरा काढून हलवायचा. सेटवाला माइकवरच विचारायचा, "वेशीपर्यंत यायलंय का रे?" सदरा हलला की पास. घट्ट आहे का, गोड आहे का, 'स' टोचतोय का, हे प्रश्नच नव्हते. आवाज कुणाच्या शेतापर्यंत जातो एवढंच बघायचं, आणि त्यावरून दरवर्षी भांडणंही व्हायची, कारण ज्याच्या मळ्यात ऐकू आलं नाही त्याने वर्गणी का द्यावी.

पहाटे काकड्याला पखवाज. आमच्या घरात माझं एक काम होतं: पखवाजाला कणीक नेऊन देणं. ज्वारी खाणाऱ्या घरात गव्हाचं पीठ डब्यात तळाशी असायचं. आजी त्यातलं मूठभर वाटीत घेऊन सैलसर भिजवायची आणि मी फ्रॉक सावरत देवळात. पखवाजी तो गोळा डाव्या पुडीच्या, म्हणजे डाव्या तोंडावरच्या चामड्याच्या, मधोमध थापायचे, बोटांनी कडा दाबून चिकटवायचे, एक थाप मारायचे. मान तिरकी करून ऐकायचे. चिमूटभर काढायचे, पुन्हा थाप. जास्त कणीक म्हणजे पुडी जड, जड म्हणजे आवाज खाली. काढलेली चिमूट फेकायचे नाहीत, गुडघ्याशेजारी फरशीवर चिकटवून ठेवायचे, दुपारी पुडी वाळली की पाणी लावून पुन्हा कामाला. उजवीकडे वादीखालच्या लाकडी गठ्ठ्यांवर हातोडी चालायची. हे सगळं मी वाटी परत मिळेपर्यंत उभी राहून बघायचे, आणि वाटी मुद्दामच लवकर मागायचे नाही.

मग घरी येऊन माळवदावर. तिथे तोच पखवाज भोंग्यातून यायचा आणि मला त्यात कणीक ऐकू यायची. तो खालचा, पोटातला 'धुम्'. खूप वर्षांनी कुठेतरी वाचलं की असल्या भोंग्याला खालचे स्वर झेपतच नाहीत, तो ते बाहेर टाकतच नाही. मग मी काय ऐकत होते? तर म्हणे मूळ स्वर गायब असला तरी त्याच्या वरच्या पटीतले स्वर पोचतात, त्यांवरून आपला मेंदू खालचा स्वर स्वतः भरून काढतो. जुन्या टेलिफोनमध्येही हेच. तारेतून साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढंच जायचं. पुरुषाच्या आवाजाचा पाया तर शंभर-सव्वाशेच्या घरात. तरी दादांनी नुसतं "हं" म्हटलं की कळायचं, रागावलेत.

"तुझं गाणं लाव," भाचा म्हणाला. मी पखवाजाचीच एक साथ शोधायला लावली. कणीक होती. चोख होती, डावीकडे होती, पुडीवर बोट घासल्याचंसुद्धा कळत होतं. मला करायला काही शिल्लक नव्हतं. हे चांगलं की वाईट, अजून ठरलेलं नाही.

नंतर एक जुनी मैफल लावली. माझी एक खोड आहे, मी गायकाकडे उशिरा वळते. आधी तानपुरा. जवारीवर, म्हणजे तानपुऱ्याच्या घोडीवर, तारेखाली सरकवलेला तो दोरा नीट बसलाय की नाही, हे चांगल्या यंत्रावर दोन आवर्तनांत समजतं. मग खोकला. जुन्या मैफलींत एक खोकणारा असतोच. इतकी वर्षं हा गृहस्थ नुसता 'मागे' खोकत होता. त्या दिवशी उजवीकडे, तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसलेला सापडला. समेच्या आधी दाबून धरतो, सम झाली की खोकतो. जाणकार माणूस. भाच्याला दाखवला तर त्याने यादीत लिहून घेतला.

मग त्याने फोनवर एक शिट्टी लावली. आकडा वर वर जातो, ऐकू यायचं थांबलं की हात वर करायचा. बारा हजारांपर्यंत मी होते. पुढे भाचा म्हणाला, "आता?" मी म्हटलं, "तू लावलंच नाहीस." त्याच्या बहिणीची सहा वर्षांची मुलगी दाराशी खेळत होती. तिने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि ओरडली, "बंद कर ना!"

वयाबरोबर वरचे स्वर आधी जातात, हे सगळ्यांचंच. असला हेडफोन घेण्याएवढे पैसे हातात येईपर्यंत कान उतरणीला लागलेले असतात, असा एक विनोद मी केला. यावर मात्र भाचा हसला.

सासूबाई उठल्या होत्या. आमच्या घरातलं सगळ्यांत महाग ऐकायचं यंत्र त्यांचं आहे आणि ते डबीत असतं. त्यांची तक्रार एकच, घातलं की भांडीच फार ऐकू येतात. म्हणाल्या, "मला लावा की ते." लावला. भाच्याने आवाज वाढवला, एक जुनं भावगीत लावलं. त्या डोळे मिटून बसल्या, मांडीवर बोटं ठेक्यात. गाणं पूर्ण झालं. त्या दुपारी पूर्ण झालेलं पहिलं गाणं.

"कसं काय, आजी?"

"आवाज बराय की. पर शब्द लागंनात."

स, त, फ, थ ही सगळी व्यंजनं वरच्या पट्टीत राहतात, भाच्याने हळू आवाजात सांगितलं. स्वर पोचतो, व्यंजन पोचत नाही. म्हणून ऐकू येतं आणि कळत नाही. त्याला दुसऱ्या दिवशी जायचं होतं, तो हेडफोन गुंडाळायला लागला.

सुट्टी संपून शाळा सुरू झाली. मागच्या बाकावरची मुलं काय बोलतात ते मला हल्ली दोनदा विचारावं लागतं. स्टाफरूममध्ये मी म्हटलं, आजकालची मुलं फार पुटपुटतात. सगळ्याजणींनी लगेच माना डोलावल्या, आणि सगळ्या माझ्याच वयाच्या आहेत.