अनकंपाग्रे पठारावरील एल्कची शिकार: गाडी निवडताना उताराचा विचार करा

पश्चिम कोलोरॅडोतील अनकंपाग्रे पठारावर ऑक्टोबरच्या अखेरीस रायफल घेऊन एल्कच्या (सांबरासारख्या मोठ्या हरणाच्या) मागे जाणाऱ्यांनी गाडी निवडताना चढ विसरून उताराचाच विचार करावा, आणि तोही मांस, तंबू व माणसे भरलेल्या गाडीने, भर दुपारी, वितळलेल्या बर्फाच्या चिखलातून उतरण्याचा. पहाटे गोठलेल्या रस्त्यावरून जवळजवळ कोणतीही गाडी वर जाते, आणि नेमकी तीच गोष्ट माणसाला फसवते. चालण्याची सवय, उंचीवरील विरळ हवेची तयारी आणि शिकारीचे नेहमीचे साहित्य वाचकाकडे आहे असे मी गृहीत धरतो. येथे मी केवळ गाडीबद्दल लिहिणार आहे, कारण आमची दिशाभूल झाली ती गाडीच्याच बाबतीत.

आमच्याकडे दोन गाड्या होत्या. एक मित्राने नुकतीच घेतलेली चकचकीत क्रॉसओव्हर (साध्या मोटारीच्या सांगाड्यावर बांधलेली उंच गाडी), जिच्या दारावर ‘ऑफ-रोड’ असे धातूचे अक्षरचिन्ह होते, चाकांभोवती काळे प्लास्टिक होते आणि गिअरच्या शेजारी ‘चिखल’, ‘बर्फ’ व ‘वाळू’ असे पर्याय देणारे फिरते बटण होते. विक्रेत्याला शिकारीचे ठिकाण, हंगाम आणि सामानाचा अंदाज स्पष्टपणे सांगितला होता आणि ही गाडी तिथे डोळे मिटून जाईल असे त्याने ठामपणे सांगितले होते. दुसरी गाडी म्हणजे रंग उडालेली, बरीच वर्षे वापरलेली टोयोटा टॅकोमा पिकअप. तिला फोर-लो होते, म्हणजे चारही चाकांना कमी वेग पण जास्त जोर देणारी गिअरची लो रेंज होती, आणि जाड भिंतीचे एलटी (हलक्या ट्रकचे) प्रकारचे टायर होते. पहिलीची किंमत दुसरीच्या दुपटीहून अधिक होती, हे पुढील मजकूर वाचताना लक्षात ठेवावे.

डेन्व्हर ते पठाराजवळचे डेल्टा गाव या प्रवासाबद्दल सांगण्यासारखे विशेष काही नाही. रस्ता उत्तम आहे आणि दृश्ये सुंदर आहेत. एवढेच लक्षात घ्यावे की आय-70 महामार्गावर मॉरिसन ते डॉटसेरो या टप्प्यात 1 सप्टेंबर ते 31 मे या काळात कर्षणाचा, म्हणजे चाकांच्या पकडीचा, नियम लागू असतो, आणि चारही चाके चालणारी, टायरवर 3/16 इंच खाच शिल्लक असलेली कोणतीही गाडी त्या नियमात बसते. महामार्गाच्या नियमात बसलेली गाडी जंगलाच्या वाटेलाही पुरेल, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. पेट्रोलची टाकी डेल्टामध्येच काठोकाठ भरावी, कारण वर पेट्रोल मिळत नाही आणि फोर-लोमध्ये ते पाण्यासारखे जाते.

पठाराच्या माथ्यावरून जाणारा डिव्हाइड रोड खडीचा आहे आणि कोरडा असताना कोणालाही त्रास देत नाही. खरी परीक्षा त्याला फुटणाऱ्या वनखात्याच्या आडवाटांवर होते. आमची आडवाट कोणती हे मी सांगणार नाही, कारण शिकाऱ्याने एवढी गोष्ट स्वतःपाशी ठेवण्यास हरकत नसावी. डेल्टा आणि माँट्रोजच्या भोवती मॅन्कोस शेल नावाचा राखाडी थर उघडा पडलेला आहे, आणि पठारावरच्या वाटांवरही चिकणमातीचे पट्टे लागतात. ही माती पाणी पिऊन फुगते. विदर्भ-मराठवाड्यातील काळ्या रानात पहिल्या पावसानंतर बैलगाडी घातलेल्या माणसाला तिचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही: ती चाकाला चिकटते, टायरच्या खाचा भरून टाकते आणि काही फुटांतच खाचांचा टायर गुळगुळीत होऊन बसतो.

येताना आम्ही त्या वाटेने उजाडण्यापूर्वी वर गेलो होतो. चाकोऱ्या दगडासारख्या गोठलेल्या होत्या आणि क्रॉसओव्हरने इतका कमी त्रास दिला की मित्राने टॅकोमाची चेष्टाही केली. मधले दिवस चांगले गेले. परतताना मात्र एल्कचे चारही फरे आणि पाठीचे मांस बर्फाच्या पेट्यांत भरून निघेपर्यंत दुपार झाली होती, ऊन लख्ख होते आणि तीच वाट वरचे दोन-तीन इंच साबणासारखी झाली होती. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला खोल ओघळ आणि रस्ता बाहेरच्या बाजूला कललेला, असा साधारण पाव मैलाचा तो उतार आहे. क्रॉसओव्हरला लो रेंज नसल्यामुळे इंजिन गाडीला अडवून धरू शकत नव्हते, म्हणून सगळा भार ब्रेकवर आला. ब्रेक दाबला की एबीएस (चाके जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) खडखडत असे आणि गाडी तितक्याच वेगाने ओघळाकडे सरकत असे. उतार-नियंत्रणाचे बटणही शेवटी ब्रेकच वापरते, त्यामुळे जिथे टायरची पकडच नाही तिथे त्याचा उपयोग झाला नाही. अखेरीस पुढचे चाक ओघळाच्या काठावर अडकले आणि गाडीचे पोट मातीवर टेकले. टॅकोमा त्याच उतारावरून फोर-लोच्या पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकला जवळजवळ पाय न लावता, चालत्या माणसाच्या वेगाने खाली आली.

विंच (तारेने गाडी ओढणारे यंत्र) लावून गाडी काढणारा माणूस दुसऱ्या दिवशी आला. त्याने फोनवर एक रक्कम सांगितली होती आणि जागेवर आल्यावर उंची, चिखल, प्रतीक्षा व ‘विशेष अडचण’ अशी कलमे जोडून तिच्या अडीचपट रक्कम मागितली. ती भरल्याशिवाय केबल जोडण्यास तो तयार नव्हता. रस्त्यावरील मदतीची जी सदस्यत्वे आपण दरवर्षी भरतो, ती बहुधा देखभाल होणाऱ्या रस्त्यांपुरतीच असतात, म्हणून त्या भरवशावर कोणी राहू नये. विंचवाल्याचा दर तासाचा आहे की कामाचा, आणि तास गाव सोडल्यापासून मोजणार की गाडीपाशी पोहोचल्यापासून, हे लेखी संदेशात मागून घ्यावे. मी त्या दिवशी जितका संतापलो तितका आजही आहे, आणि पुढील निकालांत तो संताप डोकावला तर वाचकांनी समजून घ्यावे.

पहिला निकाल असा की पैसे आधी टायरवर खर्च करावेत. प्रवासी गाडीचे पातळ भिंतीचे टायर दगडाने फाटतात; लोड रेंज ई चे (जास्त भार पेलणारे) एलटी टायर घ्यावेत, खडकाळ वाटेवर हवा सुमारे 20 पीएसआयपर्यंत उतरवावी आणि परत भरण्यासाठी कॉम्प्रेसर ठेवावा. ओल्या चिकणमातीत मात्र उत्तम ऑल-टेरेन टायरही हरतात आणि तिथे फक्त लोखंडी साखळ्या चालतात. त्या चारही चाकांच्या घ्याव्यात आणि घरासमोर कोरड्या जमिनीवर दोनदा चढवून पाहाव्यात. अनेक क्रॉसओव्हरच्या चाकाभोवती साखळीला जागाच नसते आणि गाडीच्या पुस्तिकेतच तसे लिहिलेले असते. विकत घेण्यापूर्वी ते पान उघडून पाहावे, कारण त्या एका पानावर अनेक जाहिराती कोसळतात.

दुसरा निकाल: लो रेंज नसलेली गाडी या कामासाठी घेऊच नये. टॅकोमाच्या ट्रान्सफर केसचे (इंजिनची शक्ती पुढच्या व मागच्या चाकांना वाटणाऱ्या गिअरपेटीचे) लो रेंजमधील प्रमाण 2.57 च्या आसपास आहे आणि जीप रँग्लर रुबिकॉनचे 4:1. चिखलासाठी टॅकोमाचे प्रमाण पुरे आहे. जमिनीपासूनची उंची 9 इंचांहून अधिक असावी, तथापि 10.8 इंचांच्या रुबिकॉनसाठी जास्तीचे पैसे मोजण्याइतका खडक इथे नाही. टर्बो नसलेले इंजिन दर हजार फुटांमागे सुमारे 3 टक्के शक्ती गमावते, म्हणजे 9,000 फुटांवर चौथा हिस्सा गेलेला असतो, हे छोटे इंजिन निवडणाऱ्याने आधीच वजा करावे.

भारवहनाचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पत्रकात असतो आणि तो कोणीही वाचत नाही. प्रौढ नराचे हाडे काढलेले मांस साधारण 200 पौंड भरते, चार माणसे 700 पौंडांच्या पुढे जातात आणि पाणी दर गॅलनला 8.3 पौंड होते. त्यात बर्फ, तंबू, साखळ्या व शिंगे धरली तर मध्यम आकाराच्या कित्येक गाड्यांची मर्यादा ओलांडली जाते. चौघांनी दोन गाड्या न्याव्यात, आणि त्यांतील निदान एका गाडीने दुसरीला ओढता आले पाहिजे.

जुन्या काळच्या उघड्या जीपमधून होणाऱ्या शिकारीची जी चित्रे आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापूर्वीपासून मनात बसली आहेत, ती गाडी निवडताना पुसून टाकावीत. कोलोरॅडोत वाहनातून गोळी झाडता येत नाही आणि चेंबरमध्ये काडतूस असलेली रायफल गाडीत ठेवता येत नाही. छोट्या साइड-बाय-साइड (शेजारी-शेजारी बसून डोंगरवाटांवर चालवायच्या) वाहनावर तर मॅगझिनही (काडतुसांचा कप्पाही) रिकामे आणि रायफल पूर्ण बंद पिशवीत असावी लागते. वनखात्याच्या वाहनमार्ग-नकाशावर नसलेल्या वाटेने मोटार नेता येत नाही, त्यामुळे पडलेल्या एल्कपर्यंत गाडी नेण्याचे स्वप्न सोडून पाठीवर फरे वाहण्याची तयारी ठेवावी. एच-1बी व्हिसावर असलेल्या मराठी मित्रांनी रायफल हाती घेण्याआधी शिकारीचा वैध परवाना मिळवावा, कारण अशा व्हिसाधारकांना बंदूक बाळगण्यास संघीय कायद्यात असलेल्या मनाईतील सवलत त्या परवान्यावरच अवलंबून आहे.

साइड-बाय-साइड भाड्याने घ्यावी का, असे अनेक जण विचारतात. माझे उत्तर नाही असे आहे: तिच्या आवाजाने आख्खा डोंगर जागा होतो, तिला वर आणण्यासाठी ट्रेलर आणि तो ओढणारी मोठी गाडी लागतेच, आणि अनामत रकमेतून चिखलाच्या नावाखाली कपात ठरलेली असते. भाड्याच्या साध्या गाडीचा करारही एकदा नीट वाचावा, कारण डांबरी रस्ता सोडण्यास त्यात बहुधा मनाई असते.

परतीची वेळ घड्याळाने नव्हे, जमिनीने ठरवावी. ऊन तापले असेल तर मांस सावलीत टांगून ठेवावे, रात्री रस्ता पुन्हा गोठू द्यावा आणि पहाटे चार वाजता निघावे. रात्री आभाळ भरून आले, तर जमीन गोठणार नाही. अशा वेळी निघण्यापूर्वी चारही चाकांना साखळ्या चढवाव्यात, कारण उतारावर गाडी कलल्यानंतर त्या चढवता येत नाहीत.