शुक्रवारी सिनेगॉग, रविवारी चर्च

आमच्या इमारतीत सातव्या मजल्यावर राहणाऱ्या ज्यू आजींनी गेल्या आठवड्यात मला एक प्रश्न विचारला. मी त्याचे जे उत्तर दिले, ते तेव्हापासून मला आतून टोचते आहे. आम्ही दोघी न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये ८६व्या रस्त्यावरून चाललो होतो. वेस्ट एंड अॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावर १८९७ साली बांधलेले सेंट पॉल आणि सेंट अँड्र्यू हे मेथडिस्ट चर्च आहे. त्याच्या पायऱ्यांपाशी थांबून त्या म्हणाल्या, "अनेक वर्षे हेच माझे सिनेगॉग होते." सिनेगॉग म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ.

दोनच रस्ते पलीकडे ब्नाय जेशुरून हे १८२५ साली स्थापन झालेल्या ज्यू मंडळीचे सिनेगॉग आहे. १९९१ साली त्याचे छत कोसळले, तेव्हा या चर्चने त्यांना आपल्या प्रार्थनागृहात बोलावले. मंडळीचे रब्बाय, म्हणजे धर्मगुरू, मार्शल मेयर हे आर्जेंटिनात लष्करी राजवटीच्या काळात मानवी हक्कांसाठी लढून आलेले होते. त्यांच्या शुक्रवारच्या प्रार्थनेतील गायनाला इतकी गर्दी लोटू लागली की, मूळ इमारत दुरुस्त झाल्यावरही चर्चमधील प्रार्थना चालूच राहिल्या. भाऊबहिणींनी एकोप्याने राहणे किती चांगले, या अर्थाचे १३३व्या स्तोत्रातील वचन लिहिलेला फलक चर्चवर झळकत असे. स्तोत्र मुळात हिब्रू असले, तरी ते दोघांच्याही धर्मग्रंथात आहे.

एवढे सांगून आजींनी विचारले, "तुमच्याकडे कधी असे झाले आहे का?"

मी क्षणभरही थांबले नाही. कोकणात शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्रायल या ज्यू लोकांबद्दल मी त्यांना सांगितले. ते तेलाचे घाणे चालवत, शनिवारी घाणा बंद ठेवत आणि म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत, हे सांगितले. त्यांची मातृभाषा मराठी आहे आणि आमच्या भूमीत ज्यू म्हणून त्यांचा छळ कधी झाला नाही, हेही मी अभिमानाने सांगितले. पुण्याच्या कॅम्पातील डेव्हिड ससून यांनी बांधवलेल्या सिनेगॉगला तर सारे शहर लाल देऊळ म्हणते, ही माझी सर्वांत आवडती गोष्टही सांगून झाली. आजींनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "छान आहे. पण ते घर त्यांचे स्वतःचेच होते ना?"

मी विचारात पडले, कारण शेजार वेगळा आणि एकाच छपराखाली संसार वेगळा.

त्या संसाराची खरी परीक्षा याच शहरात त्याआधी होऊन गेली आहे. १९५४ साली १३व्या रस्त्यावरील व्हिलेज प्रेस्बिटेरियन चर्चचे पाद्री जेसी स्टिट आणि रब्बाय आयर्विंग ब्लॉक यांनी बंधुत्वाचा करार केला आणि त्या चर्चच्या वास्तूत ब्रदरहूड सिनेगॉग सुरू झाले. १९५४ हे साल नीट लक्षात घ्यावे. त्या काळी कॅथलिक चर्चच्या गुड फ्रायडेच्या प्रार्थनेत ज्यूंसाठी 'विश्वासघातकी' या अर्थाने घेतला जाणारा लॅटिन शब्द अजून होता. पोप तेविसावे जॉन यांनी तो १९५९ मध्ये काढून टाकला, आणि येशूच्या मृत्यूचा दोष सरसकट सर्व ज्यूंवर ठेवता येणार नाही, असे व्हॅटिकनने जाहीर केले ते १९६५ मध्ये. युरोपात शतकानुशतके ईस्टरआधीचा पवित्र सप्ताह आला की ज्यू कुटुंबे हल्ल्याच्या भीतीने दारे लावून घरात बसत. अशा इतिहासाचे ओझे वाहणाऱ्या दोन मंडळींनी एका वेदीभोवती वेळा वाटून घेणे म्हणजे केवळ जागेची सोय नव्हती. ज्यूंचा वल्हांडण सण आणि ईस्टर दोन्ही वसंतात येतात आणि कधीकधी, उदाहरणार्थ २०२२ साली, वल्हांडणाची पहिली रात्र आणि गुड फ्रायडे एकाच दिवशी येतात. एका मंडळीच्या मुक्तीच्या सणाच्या दिवशी दुसरी मंडळी क्रुसावरच्या मृत्यूचे स्मरण करते. त्या दिवशी एकाच इमारतीत वावरायला किती मोठे मन लागत असेल, याचा मी अनेकदा विचार करते.

मात्र वारांची वाटणी त्यांना सोपी जात असावी. ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होऊन शनिवारी रात्री संपतो आणि ख्रिस्ती उपासना रविवारी सकाळी असते. ज्यूंचा सर्वांत मोठा उपवास, योम किप्पूर, रविवारी कधीच येत नाही, कारण तो शब्बाथला लागून येऊ नये अशी त्यांच्या पंचांगाची रचनाच आहे. एकादशीचे आणि अधिकमासाचे हिशेब ऐकत वाढलेल्या मला या गणिताचे फार कौतुक वाटले.

तरीही १३व्या रस्त्यावरचा तो संसार जवळपास वीस वर्षांनी मोडला. स्टिट यांच्यानंतर आलेल्या पाद्र्यांशी मध्यपूर्वेच्या प्रश्नावरून मतभेद झाले आणि १९७३च्या अरब-इस्रायल युद्धाच्या सुमारास सिनेगॉग तेथून बाहेर पडले. ते ग्रॅमर्सी पार्कजवळ, क्वेकर पंथीयांच्या १८५९ सालच्या जुन्या सभागृहात गेले आणि आजही तेथेच आहे. चर्चची मंडळी काही वर्षांतच विसर्जित झाली आणि उंच खांबांच्या त्या देखण्या वास्तूत आता सदनिका आहेत. ज्यांनी तो करार केला त्यांचा मला आदर वाटतो आणि तो मोडला म्हणून त्यांना कमी लेखणे मला जमणार नाही.

घरी आल्यावर मी माझे उत्तर पुन्हा तपासले, तेव्हा त्यात एक भोक सापडले. लाल देऊळ बगदादी, म्हणजे बगदादकडून आलेल्या ज्यूंचे होते. बेने इस्रायल खरे ज्यू आहेत का, यावर बगदादी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या शंका घेत आली. पुण्यातील बेने इस्रायल लोकांचे सक्कथ शेलोमो हे सिनेगॉग रास्ता पेठेत आहे. ते १९२१ साली बांधले गेले. म्हणजे ज्या शहराच्या उदारपणाचे गोडवे मी गात होते, तेथे खुद्द ज्यूंच्या दोन मंडळींचीही चूल वेगळी होती. रास्ता पेठेत माझे आजोळ आहे आणि त्या रस्त्याने मी लहानपणी शेकडो वेळा गेले, पण ती इमारत कोणाची, हे मी कधी विचारलेदेखील नाही.

तरीसुद्धा मी माझे उत्तर पूर्णपणे मागे घेत नाही. मुंबईत जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले आणि मिशनच्या शाळांत बेने इस्रायल मुले शिकली. त्यामागे धर्मांतराची आशा होती, हे उघड आहे. परंतु त्या मुलांनी हिब्रू शिकून घेतली आणि बहुसंख्य आपल्याच धर्मात राहिली. मिशनरी आणि बेने इस्रायल यांनी पुस्तके, शाळा आणि भाषा वाटून घेतली. छप्पर वाटून घेण्याची वेळ आली नाही, कारण बेने इस्रायलांचे छप्पर कोणी कोसळवले नव्हते.

हे सारे मी आजींना रविवारी सांगितले. त्यांनी रास्ता पेठेच्या सिनेगॉगचे छायाचित्र मागितले आहे, आणि आईने ते सकाळी काढून पाठवायचे कबूल केले आहे.